सोसायटीचा हॉल घुमतोय? आधी मोजा, मग पैसे टाका

वार्षिक सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी माइकवर ताळेबंद वाचत असतात आणि मागच्या रांगांना त्यातलं फक्त ‘लाख’ आणि ‘रुपये’ ऐकू येतं. कुणीतरी उठून आवाज वाढवायला सांगतं. आवाज वाढतो, गोंधळही तेवढाच वाढतो, आणि पुढच्या सभेत नवीन स्पीकर घ्यायचा ठराव येतो. खोट स्पीकरमध्ये नसतेच. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, चारही बाजूंना प्लास्टर आणि सरकत्या खिडक्यांची काच, असा हॉल आवाज शोषून घेतच नाही. एक अक्षर विरायच्या आत पुढची दहा-पंधरा अक्षरं त्याच्यावर येऊन पडतात.

अशा हॉलवर इलाज करता येतो, आणि गावातला सुतार, शिंपी व दोन-चार उत्साही सभासद मिळून तो करू शकतात. फक्त क्रम पाळा. आधी मोजमाप, मग गणित, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हे नेमकं उलटं होतं.

तक्रार नेमकी कोणती?

‘हॉलमध्ये आवाजाचा प्रॉब्लेम आहे’ यावर कोटेशन मागवू नका. त्या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

आवाज घुमतो, म्हणजे बोलणं थांबलं तरी मागे शेपूट रेंगाळतं, हा निनाद. टाळी वाजवली की दोन समोरासमोरच्या भिंतींमधून ‘त्र्र्र’ असा पत्र्यासारखा थरथरता आवाज येतो, हा त्याचाच भाऊ, पण इलाज थोडा वेगळा. एकच शब्द स्पष्टपणे दुसऱ्यांदा ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. शाळेच्या पुस्तकातलं ‘भिंत निदान १७ मीटर दूर हवी’ ते यालाच लागू. सोसायटीच्या हॉलमध्ये तो क्वचितच भेटतो. आणि चौथी तक्रार म्हणजे बाहेरचा आवाज आत येणं किंवा आतला भजनाचा आवाज वरच्या मजल्यावर जाणं.

ही चौथी तक्रार असेल, तर या लेखातलं बहुतेक काही तुमच्या उपयोगाचं नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बुजवावी लागते. जाड भिंत, भरीव दार, दाराच्या चारी कडांना रबरी पट्टी. आवाज शोषायला मात्र हलकी, सच्छिद्र, हवा आरपार जाऊ देणारी वस्तू लागते. दोन्ही कामं एकमेकांच्या उलट आहेत, पण बाजारात दोन्ही ‘साउंडप्रूफिंग’ या एकाच नावाने विकली जातात. भिंतीवर फोम चिकटवून शेजारच्या ढोलपथकाचा सराव थांबत नाही.

भिंतीवर आदळलेल्या आवाजाचं काय होतं

आवाज पृष्ठभागावर आदळला की त्याचा काही भाग परत फिरतो, काही आत मुरतो आणि थोडा पलीकडे जातो. जो परत येत नाही त्याचा एकूण हिस्सा म्हणजे शोषण गुणांक. उघडी खिडकी म्हणजे १, कारण गेलेला आवाज परत येत नाही. रंगवलेलं प्लास्टर साधारण ०.०३, म्हणजे शंभरातला ९७ भाग परत. टाइल्स तर ०.०१.

ही उघड्या खिडकीची पट्टी वॉलेस सॅबिन यांची. हार्वर्डच्या फॉग कला संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, म्हणून १८९५ मध्ये ते काम या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर टिपायचा. सकाळी गाद्या जागच्या जागी. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत. गाद्या वाढतील तसा वेळ कमी, आणि तोही एका ठरावीक प्रमाणात. त्यातून निघालेलं सूत्र वापरून बांधलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल १९०० मध्ये उघडला. आजही आपल्याला तेच सूत्र पुरतं.

टप्पा १ : फुगा फोडा

हॉल रिकामा, पंखे आणि एसी बंद, खिडक्या बंद. रस्ता शांत झाल्यावर, रात्री दहाच्या पुढे जा. (वॉचमनला आधी सांगून ठेवा.) हॉलच्या एका टोकाला मोठा फुगा टाचणीने फोडा आणि दुसऱ्या टोकाला, निदान चार-पाच मीटर लांब, फोनवर रेकॉर्ड करा. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज चालणार नाही. तिथे फोन आपणहून आवाज वर-खाली करतो आणि शेपटाची लांबी खोटी येते. ही आपोआप वर-खाली करण्याची सोय (ऑटो गेन) बंद करता येईल असं साधं रेकॉर्डर ॲप घ्या. तीन-चार वेगवेगळ्या जागी फुगे फोडा.

रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ते फुकट आहे. डेसिबल दाखवणारी तरंगाकृती निवडली की फुगा फुटल्याचं टोक आणि त्यामागे खाली उतरत जाणारा उतार दिसतो. टोकापासून ५ डेसिबल खाली जिथे उतार सरळ होतो, तिथून पुढचे २० डेसिबल उतरायला किती वेळ लागला ते पाहा. त्याची तिप्पट म्हणजे ६० डेसिबल उतरण्याचा वेळ, अर्थात निनादकाल. थेट ६० डेसिबल मोजता येत नाहीत, कारण तोवर उतार रस्त्याच्या आवाजात बुडालेला असतो.

भाषणासाठी असा हॉल सेकंदाच्या आसपास हवा. भजन, सुगम संगीत यांना सव्वा सेकंदही चालतो, थोडा गोडवा येतो. तीन सेकंदांच्या वर गेलात की शब्द संपले.

टप्पा २ : अर्ध्या पानाचं गणित

नमुन्यादाखल १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच हॉल घेऊ. घनफळ ३१७ घनमीटर. प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढायचं आणि गुणांकाने गुणायचं. गुणांक मधल्या पट्टीच्या आवाजाचे, ५०० हर्ट्झचे (सेकंदाला ५०० कंपनं) घेतले आहेत.

| पृष्ठभाग | क्षेत्रफळ | गुणांक | शोषण |
|---|---|---|---|
| फरशी | ९६ | ०.०१ | १.० |
| स्लॅब | ९६ | ०.०३ | २.९ |
| भिंती | ११२ | ०.०३ | ३.४ |
| खिडक्यांची काच | १६ | ०.१५ | २.४ |
| दारं | ४ | ०.१० | ०.४ |

बेरीज १०च्या आसपास. सॅबिनचं सूत्र असं: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. इथे ५१ भागिले १०, म्हणजे ५ सेकंद. फुग्याचा आकडा याच्या आसपास आला तर गणित बरोबर. फार कमी आला तर हॉलमध्ये तुम्ही न मोजलेलं काहीतरी आवाज पितंय: गाद्यांचा ढीग, पडदे, स्टोअररूमचं उघडं दार.

आता साठ माणसं बसवा. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला एक माणूस साधारण ०.४ चौरस मीटर शोषण आणतो, मग साठांचे २४ झाले. एकूण ३४, निनादकाल दीड सेकंद. गणेशोत्सवात खचाखच भरलेला हॉल बरा वाटतो आणि सोमवारच्या कमिटी मीटिंगला सात जणांत एकमेकांचं बोलणं कळत नाही, याचं कारण इथे आहे. सॅबिन तर पुढे मोजणीच्या वेळी नेहमी तेच ते कपडे घालत, कारण एका माणसाच्या कोटाचाही आकड्यावर फरक पडे.

हॉल अर्धा भरलेला, म्हणजे तीस माणसं, असं धरून एक सेकंद गाठायचा तर शोषण ५१ हवं. हातात आहे १० अधिक १२, म्हणजे २२. कमी पडतात २९. हीच तुमची खरेदीची यादी. यापुढे जो कॉन्ट्रॅक्टर येईल त्याला एकच प्रश्न विचारा: ‘हे २९ कशातून येणार?’

एक दिलाशाची गोष्ट. पहिल्या पॅनेलांचा फरक सगळ्यात मोठा असतो. रिकाम्या हॉलमध्ये शोषण १०वरून १८वर नेलं की पाचाचे पावणेतीन सेकंद होतात. त्याच खर्चात पुढचे आठ टाकले तर पावणेतीनाचे फक्त दोन. म्हणून बजेट अर्धंच असेल तरी काम सुरू करा.

टप्पा ३ : काय घ्यायचं, काय नाही

इथे जरा थांबून वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

सच्छिद्र वस्तू आवाज कसा शोषते? हवेचे कण तिच्या तंतूंमधून मागेपुढे होताना घासले जातात आणि आवाजाची थोडी थोडी उष्णता होते. पण भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही. भिंतच तिला हलू देत नाही. हवेची हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, तिचा पाव भाग साडेआठ. १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. म्हणजे भिंतीला चिकटवलेला एक इंची फोम ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार कापतो, पण पुरुषी आवाजाचा गाभा आणि ढोलकीचा धुमा त्याला दिसतही नाही. असा फोम चारही भिंतींना लावलेला हॉल निर्जीव आणि तरीही घुमणारा असतो. दोन्हीकडून तोटा. जाडी हवी, आणि जाडी परवडत नसेल तर मागे हवेची पोकळी हवी. पोकळी फुकट मिळते.

या कसोटीवर बाजारातला माल लावून पाहू.

अंड्यांचे ट्रे: पातळ पुठ्ठा. वरच्या पट्टीत किरकोळ काम, बाकी शून्य, आणि पेटायला उत्तम. थर्माकोल: आतले बुडबुडे बंद असतात, हवा शिरतच नाही, आवाजासाठी ते जवळजवळ पांढरं प्लास्टर. साधं जिप्समचं किंवा पीओपीचं फॉल्स सीलिंग: खालच्या पट्टीत थोडं थरथरून शोषतं, पण बोलण्याच्या पट्टीत नाही. हजारो रुपये सीलिंगला घालून हॉल तसाच घुमतो तो यामुळे. मिनरल फायबरच्या दोन बाय दोनच्या टाइल्स मात्र चांगल्या, विशेषतः वर फूटभर पोकळी असेल तर. नऊ किंवा बारा मिलिमीटरचे रंगीत पॉलिएस्टर पॅनेल दिसायला सुरेख असतात. थेट चिकटवले तर एक इंची फोमाची रड, दोन इंच पोकळी सोडून लावले तर बरेच सुधारतात.

जाड पडदा स्वस्त आणि मस्त. खिडकीच्या दुप्पट रुंदीचं कापड, चुण्या पडू द्यायच्या, काचेपासून चार-सहा इंच लांब टांगायचा. गुणांक ०.५पर्यंत जातो. नमुना हॉलच्या १६ चौरस मीटर काचेवर असे पडदे घातले की साडेपाच शोषण वाढतं आणि गरज २९वरून साडेतेवीसवर येते.

उरलेल्यासाठी रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची दाबलेली गादी. ४८ घनतेचा (घनमीटरला ४८ किलो), ५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब इन्सुलेशनच्या दुकानात मिळतो. बोलण्याच्या पट्टीत त्याचा हिशेब ०.८ने धरा. साडेतेवीसला २९ चौरस मीटर, म्हणजे ३१५च्या आसपास स्क्वेअर फूट लागतील.

तयार माल घेणार असाल तर एनआरसीचा टेस्ट रिपोर्ट मागा. एनआरसी (नॉइज रिडक्शन कोइफिशंट) म्हणजे २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या गुणांकांची सरासरी. नुसता आकडा बघू नका, चाचणी कशावर बसवून केली ते बघा. ‘ए’ लिहिलं असेल तर वस्तू थेट पृष्ठभागावर होती. ‘ई-४००’ असेल तर मागे ४०० मिलिमीटर पोकळी होती, आणि तोच माल तुमच्या भिंतीवर चिकटवल्यावर तो आकडा मिळणार नाही.

आग हा विषय हसण्यावारी नेऊ नका. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका नाइटक्लबात मंचावरच्या आतषबाजीने आवाजासाठी भिंतींना लावलेला पॉलियुरेथेन फोम पेटला. १०० माणसं गेली. आपल्या हॉलमध्ये समया लागतात, वाढदिवसाच्या फुलबाज्या लागतात, मांडवाच्या वायरी लोंबत असतात. रॉकवूल स्वतः जळत नाही. वरचं कापड जळतं, म्हणून अग्निरोधक प्रक्रिया केलेलं कापड मिळालं तर तेच घ्या, आणि विजेच्या बोर्डाभोवती पॅनेल नको.

टप्पा ४ : पॅनेल बनवणं

आधी रॉकवूलचे स्लॅब आणा, मग फ्रेम कापा. स्लॅब बहुधा एक मीटर बाय साठ किंवा पन्नास सेंटिमीटर असतात आणि सुताराने चार बाय दोन फुटांच्या फ्रेम करून ठेवल्या तर प्रत्येक स्लॅब कापत बसावं लागतं. साठचा स्लॅब मिळाला तर नमुना हॉलला ४९ पॅनेल पुरतील.

फ्रेमला पाऊण इंच जाड, तीन इंच रुंद पाइनवुडची पट्टी घ्या, कोपऱ्यात एल पट्टी आणि स्क्रू. फ्रेम तीन इंच खोल आणि स्लॅब दोन इंच, म्हणजे मागे एक इंच पोकळी आपोआप सुटते. स्लॅब मागे सरकू नये म्हणून त्या खोलीवर सुतळी आडवी-उभी ताणून स्टेपल करा आणि पाठीला नायलॉनची मच्छरदाणीची जाळी लावा. पाठीला प्लाय ठोकू नका. छताला टांगलेलं पॅनेल दोन्ही बाजूंनी शोषतं, प्लायने त्याची एक बाजू मरते.

रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा. तंतू टोचतात आणि दिवसभर खाज सुटते. काम गच्चीत किंवा पार्किंगमध्ये करा, ज्या हॉलमध्ये लहान मुलं खेळतात तिथे नको. स्लॅब कापायला लांब पात्याची ब्रेड कापायची सुरी उत्तम. करवतीने कडा विसकटतात. कापलेला स्लॅब पातळ नॉन-वोव्हन कापडात गुंडाळला की तंतू झडायचे थांबतात.

वरचं कापड निवडायची कसोटी सोपी: तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे हाताला हवा सहज लागली तर कापड पास. मांजरपाट, खादी, जाडंभरडं सुती, ज्यूट, सगळे चालतात. रेक्झिन नापास, आणि फ्लेक्सवर समितीच्या सदस्यांचे फोटो छापून पॅनेलवर ताणण्याची कल्पना कुणी मांडली तर तीही नापास. कापड आधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात ढिलं पडतं. ताणताना आधी चार बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल, मग मध्याकडून कोपऱ्याकडे. कोपऱ्याची चुणी पाकिटासारखी दुमडून पाठीमागे. तयार पॅनेल चारेक किलोचं भरतं. नंतर त्याच्यावर रंग मारायचा नाही. रंगाने छिद्रं बुजतात.

टप्पा ५ : कुठे लावायचं

सगळी पॅनेल एका भिंतीवर रांगेने लावली तर कागदावर शोषण तेवढंच, पण उरलेल्या दोन समांतर भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे खात राहतो. म्हणून लांबीच्या जोडीतली एक भिंत आणि रुंदीच्या जोडीतली एक भिंत धरा, किंवा दोन्हीकडे आडआड, एकाच्या समोर मोकळी जागा येईल अशी लावा. टाळीची ‘त्र्र्र’ यानेच जाते.

पहिला मान छताचा. तिथे मुलांच्या चपला, खुर्च्यांच्या पाठी आणि सेलोटेपने चिकटवलेले फुगे पोचत नाहीत. निम्मी पॅनेल छताच्या स्लॅबपासून सहा-आठ इंच खाली, चार हुक आणि जीआय तारेवर टांगा. ड्रिल मारण्याआधी स्लॅबमधली विजेची पाइप कुठून गेली आहे ते इलेक्ट्रिशियनकडून पक्कं करून घ्या. पंख्याच्या पात्यापासून मोकळी जागा सोडा.

दुसरा मान मंचासमोरच्या मागच्या भिंतीचा. स्पीकरचा आवाज सरळ तिच्यावर जातो आणि तिथून माइककडे परत येतो; शिट्टीचं मोठं कारण तेच. भिंतींवर पॅनेल बसलेल्या माणसाच्या कानापासून उभ्या माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंतच्या पट्ट्यात हवीत. खिडकीवरच्या कोपऱ्यात शोभेसाठी लावलेली फारशी कामाला येत नाहीत. मंचाजवळची भिंत आणि मंचावरचं छत मात्र मोकळं, कडक ठेवा. बोलल्यापासून ५० मिलिसेकंदांच्या आत पोचणारं परावर्तन कानाला वेगळं ऐकू येत नाही, ते मूळ आवाजाला बळ देतं. माइक बंद पडला तर वक्त्याला तेच वाचवतं.

तबला-ढोलकीचा धुमा फार त्रास देत असेल तर हॉलच्या उभ्या कोपऱ्यांत दुहेरी जाडीची पॅनेल तिरकी उभी करा. पातळ मालाने हे काम होत नाही.

छप्पर घुमटाकार किंवा कमानी असेल, जसं काही मंदिरांच्या सभामंडपांत असतं, तर हा हिशेब अपुरा पडतो. अंतर्वक्र पृष्ठभाग आवाज एका जागी गोळा करतो. विजापूरच्या गोल घुमटात सज्जाच्या एका टोकाला केलेली कुजबुज समोरच्या टोकाला ऐकू येते ती याच आकारामुळे. सहलीत मजा वाटते, कीर्तनात नाही. तिथे आधी वक्र भागावरच शोषण टाकावं लागतं.

टप्पा ६ : पुन्हा फुगा

अर्धी पॅनेल लागली की मोजा. सगळी लागली की परत मोजा, त्याच जागी, त्याच फोनवर. आकडा गणितापेक्षा जास्त येत असेल तर बहुधा पॅनेल एकाच बाजूला जमली आहेत. नवीन घेण्याआधी आहेत ती हलवून पाहा. मग स्पीकरकडे वळा. ते खाली, श्रोत्यांकडे झुकवा, मागच्या भिंतीकडे नाही. आवाज कमी करा. आता तो पुरतो.

देखभाल

ओल येणाऱ्या भिंतीवर पॅनेल टेकवून लावू नका. मागे लाकडी ठोकळे घालून दोन इंच सोडा आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदा दोन-तीन पॅनेल उतरवून पाठ तपासा. भिजलेला रॉकवूल स्लॅब पंख्याखाली ठेवून वाळतो, पण कापडाला बुरशी आली तर ते बदलायचंच. धूळ व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने काढा, झाडणीने आपटून नाही. खरेदीतच चार स्लॅब आणि दहा मीटर कापड जास्तीचं घेऊन ठेवा. दोन वर्षांनी त्याच रंगाचं कापड मिळत नाही, आणि रंग जुळला नाही म्हणून सभेत होणारी चर्चा कितीही चांगल्या हॉलमध्ये ऐकवत नाही.